मागे राहिलेल्यांचा प्रवास

मार्च २०१६ मध्ये विष्णुदास चापके नावाचे, मूळचे परभणी जिल्ह्यातले एक तरुण पत्रकार ठाणे स्टेशनवरून जगप्रदक्षिणेला निघाले. पाठीवर सॅक, खिशात बेताचे पैसे आणि शक्य असेल तिथे जमिनीवरूनच, बसने किंवा रेल्वेने, चारचौघांसारखे जायचे असा संकल्प. ते परतले तीन वर्षांनी, मार्च २०१९ मध्ये. मधल्या काळात पस्तीसेक देश त्यांच्या पायांखालून गेले होते. ज्या ठाण्यात १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी येऊन थांबली, त्याच ठाण्यातून एखाद्याने पृथ्वीला वळसा घालायला निघावे यात औचित्य होते. अशा प्रवासांविषयी वाचायला मिळते ते बहुधा आकड्यांत. देश किती, किलोमीटर किती, खर्च किती. निघालेल्या माणसाचे कौतुक व्हायलाच हवे. पण हल्ली मला कुतूहल वाटू लागले आहे ते मागे राहिलेल्या माणसांचे. आईबाप, मित्र, शेजारीपाजारी आणि ओळखदेख नसतानाही त्या प्रवासाच्या मागावर राहणारे वाचक. या मंडळींचाही एक प्रवास चाललेला असतो. त्याची नोंद मात्र कुठेच होत नाही.

माझे हे कुतूहल घोडबंदर रोडवर वाढले. आमच्या या रस्त्याची ओळख साऱ्या महाराष्ट्राला आहे ती वाहतूक कोंडीमुळे. कासारवडवलीहून माजिवड्याला पोचायला कधी वीस मिनिटे, कधी सव्वा तास, आणि पावसाळ्यात तर देवालाच ठाऊक. पण हा रस्ता मुळातच दूरच्या प्रवासाचा. खाडीच्या मुखाशी परदेशातून आणलेले घोडे उतरत, म्हणून ते घोडबंदर. तिथला किल्ला पोर्तुगीजांचा, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतलेला. रस्त्याच्या एका बाजूला येऊरचा डोंगर आणि त्याच्या पलीकडे कान्हेरीची लेणी. त्या लेण्यांसाठी दान देणाऱ्या कल्याणच्या व्यापाऱ्यांची नावे शिलालेखांत आजही वाचता येतात. म्हणजे समुद्रावरून येणेजाणे करणारी माणसे आणि त्यांची वाट पाहणारी घरे या मुलखाला दोन हजार वर्षे तरी नवी नाहीत. आता खाडी बाजूला पडली, डोंगराच्या पायथ्याशी तीस तीस मजले उभे राहिले, आणि प्रत्येक मजल्यावर एखादे तरी घर असे, की ज्याच्या भिंतीवर दोन घड्याळे आहेत. एक इथल्या वेळेचे, दुसरे न्यू जर्सीच्या किंवा मेलबर्नच्या.

शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मुलांची आपल्याला सवय झाली आहे. त्यांच्याविषयी विचारायचे प्रश्न ठरलेले असतात. ‘कुठल्या कंपनीत?’, ‘ग्रीन कार्ड झालं का?’, ‘आता येणार कधी?’ पण आमच्याच इमारतीत अकराव्या मजल्यावर राहणाऱ्या एका मुलीने गेल्या वर्षी चांगली नोकरी सोडली, सात वर्षांच्या बचतीतून आठ लाख बाजूला काढले आणि ती पाठीवर सॅक टाकून थायलंडला गेली. तिथून लाओस, व्हिएतनाम, मग कझाकस्तान, किरगिझस्तान, जॉर्जिया. वय एकोणतीस, लग्न नाही, परतीचे तिकीट नाही. आता हिच्याविषयी विचारायचे काय, हेच लोकांना कळेना. नोकरी नाही, शिक्षण नाही, तीर्थयात्रा नाही, टूर कंपनीबरोबरची सहलही नाही. लिफ्टमध्ये तिच्या वडिलांना एका सद्गृहस्थांनी विचारले, ‘पण ती तिथे करते काय?’ वडील म्हणाले, ‘हिंडते.’ सद्गृहस्थ पाचव्या मजल्यावर उतरेपर्यंत गप्प होते.

मराठी वाचकाला खरे म्हणजे हिंडणे परके नाही. प्रवासवर्णनावर आपल्याइतके प्रेम करणारा वाचक क्वचितच असेल. पु. लं. ची ‘अपूर्वाई’ १९६० सालची, आणि ज्यांनी तोपर्यंत पुणेसुद्धा धड पाहिले नव्हते अशा घरांतून तिची पारायणे झाली. मीना प्रभूंनी ‘दक्षिणरंग’मध्ये दक्षिण अमेरिका दाखवली, पुढे तुर्कस्तान, चीन, इराण दाखवले. २०२५ मध्ये त्या गेल्या तेव्हा किती तरी बायकांना आपली प्रवासातली मैत्रीण गेल्यासारखे वाटले. माझ्या पत्नीला वाटले, हे मी स्वतः पाहिले आहे. पण पुस्तकाची एक सोय असते. ते हातात पडते तेव्हा लेखक घरी सुखरूप पोचलेला असतो. सामान हरवले, रस्ता चुकला, मध्यरात्री अनोळखी गावात उतरावे लागले, हे सगळे आपण हसत वाचतो. शेवट चांगला आहे याची हमी मुखपृष्ठावरच मिळालेली असते. चालू प्रवासाच्या मागावर राहणाऱ्याला ही हमी नाही. आज रात्री ती कुठे झोपणार हे तिला जितके माहीत नाही तितकेच तिच्या आईलाही माहीत नाही. फरक एवढाच की मुलगी तरुण आहे आणि तिच्यासमोर डोंगर आहे. आईसमोर गॅसची शेगडी आहे.

पूर्वी हे कसे निभत असेल? वरसईचे विष्णुभट गोडसे गरिबीला आणि कर्जाला कंटाळून, बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने, आपल्या काकांबरोबर उत्तरेकडे गेले. साल १८५७. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. बंडाची धामधूम, झाशीचा वेढा, लूटमार, आणि शेवटी गंगेची कावड घेऊन परत. अडीच-तीन वर्षे गेली. त्या काळात वरसईला खुशाली कळवणार कोण आणि कशी? ‘माझा प्रवास’ वाचताना आपण भटजींबरोबर झाशीत असतो. वरसईच्या घरात रोज संध्याकाळी दिवा लावणाऱ्यांबरोबर कोणी नसते. हे हस्तलिखित १९०७ मध्ये छापून ज्यांनी आपल्या हाती दिले ते भारताचार्य चिंतामणराव वैद्य आमच्या कल्याणचे. भटजींना हा वृत्तान्त लिहायलाही त्यांनीच प्रवृत्त केले होते. मागे राहिलेल्यांपैकी एखाद्याने विचारले नाही, तर प्रवास घडूनही न घडल्यासारखा होतो, हे वैद्यांना कळले होते असे मला वाटते.

कल्याणचेच दुसरे नाव अधिक जवळचे. आनंदीबाई जोशी. त्यांच्या प्रवासाला हिंडणे म्हणणे बरोबर नाही, त्या डॉक्टर व्हायला गेल्या. पण एका मुलीच्या परदेशगमनाच्या मागावर अख्खा समाज कसा राहतो, याचे मराठीतले पहिले मोठे उदाहरण तेच. आणि त्यात मागे राहणाऱ्यांच्या सगळ्या तऱ्हा सापडतात. म्हणून तिथे थोडे रेंगाळतो.

जन्म ३१ मार्च १८६५. माहेर कल्याणचे, नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झाले ते टपाल खात्यातल्या गोपाळराव जोशांशी. टपाल खाते हा तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण या कहाणीतले जवळजवळ सगळेच टपालाने घडते. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले आणि आपण वैद्यक शिकायचे हे त्या मुलीच्या मनाने घेतले. बायकोच्या शिक्षणाची सोय अमेरिकेत होईल का, असे गोपाळरावांनी १८७८ मध्ये वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला लिहिले होतेच. त्याने तो पत्रव्यवहार अमेरिकेतल्या आपल्या मासिकात छापला. १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटर नावाच्या बाई दातांच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असताना तो अंक त्यांच्या हाती लागला. दवाखान्यातले जुने मासिक चाळताना आपण काय करतो? पान उलटतो. या बाईंनी घरी जाऊन पत्र लिहिले. पुढची तीन वर्षे, एकमेकींना एकदाही न पाहता, त्या दोघी लिहीत राहिल्या. नात्याचे नाव ठरले मावशी. ७ एप्रिल १८८३ रोजी अठरा वर्षांच्या आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीवर चढल्या त्या या मावशीच्या भरवशावर. नवरा बरोबर नव्हता. जूनच्या सुरुवातीला त्या न्यू यॉर्कला उतरल्या, तेव्हा धक्क्यावर एक वाचक उभी होती. असा वाचक लाभायला भाग्य लागते.

त्या निघण्याआधी सेरामपूरच्या कॉलेजात त्यांना भाषण करावे लागले, कारण लोक रस्त्यात अडवून जाब विचारत होते. इथे शिकता येत नाही का, एकटी का जातेस, जातीबाहेर टाकले तर काय, तिथे खाणार काय. अठरा वर्षांच्या मुलीने एकेका प्रश्नाला घेऊन भर सभेत उत्तर दिले. आज आमच्या सोसायटीच्या बागेतल्या बाकावर बसणारी मंडळी जे प्रश्न विचारतात ते याहून फारसे वेगळे नसतात. फक्त जातीचा प्रश्न आता थोडा आडून येतो.

आणि मग येतात गोपाळराव. बायकोला शिकवण्याचा ध्यास घेतलेला हा विक्षिप्त, तऱ्हेवाईक माणूस. त्याच्याशिवाय आनंदीबाई घडल्या नसत्या हे खरेच. पण त्या फिलाडेल्फियाला पोचल्या आणि हा मागे राहिला, तेव्हापासूनची त्याची पत्रे अंगावर काटा आणतात. तिथल्या थंडीत नऊवारीने पाय उघडे पडतात म्हणून आनंदीबाईंनी गुजराती पद्धतीने लुगडे नेसायला घेतले. पदवीसाठी नव्हे, प्राण टिकावा म्हणून केलेली ही गोष्ट. त्यावरूनही नवऱ्याची नाराजी, संशय, टोचणी. पत्र पोचायला महिन्याहून अधिक, उत्तर यायला तेवढाच वेळ. म्हणजे एका टोमण्याचे आयुष्य अडीच महिन्यांचे. शरीरविच्छेदनाच्या वर्गातून थकून आलेली, क्षयाच्या उंबरठ्यावरची मुलगी दिव्याशी बसून आपण बिघडलो नाही याचा हिशेब लिहिते आहे. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या चरित्रामुळे आपल्याला हे कळते. ज्याने पाठवले त्यालाच पाठवल्यावर चैन पडू नये, आपल्या हातून निसटले असे वाटावे, आणि त्या भीतीला काळजी म्हणावे, हे काही गोपाळरावांबरोबर संपलेले नाही.

११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई होत्या, तोवर अमेरिकेला आलेले गोपाळरावही होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या मुंबईला उतरल्या त्या आजारी होऊनच. ज्यांनी जाताना नावे ठेवली त्यांनी येताना कौतुक केले. कोल्हापूरच्या दवाखान्यातली नेमणूक वाट पाहत होती. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्याला त्या गेल्या. बावीस पूर्ण व्हायला महिना उरला होता. त्यांच्या अस्थी मिसेस कार्पेंटरांकडे पाठवल्या गेल्या आणि न्यू यॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी, त्या कुटुंबाच्या दफनभूमीत, त्यांना जागा मिळाली. दवाखान्यात मासिक चाळणाऱ्या वाचकाने शेवटपर्यंत साथ दिली ती अशी.

बँकेत माझी नोकरीची बरीचशी वर्षे फोर्टातल्या एका शाखेत परकीय चलनाच्या टेबलावर गेली. कादंबऱ्या लिहिणाऱ्याने चलनाच्या टेबलावर काय करावे, असे माझे साहेब म्हणत. मला विचाराल तर त्याच्याइतकी चांगली जागा नव्हती. आजच्या तरुणांना खरे वाटणार नाही, पण १९६०च्या दशकाच्या अखेरीस परदेशी जाणाऱ्याच्या खिशात कायद्याने आठ डॉलर असत. पुढे १९७३चा फेरा कायदा आला. मी टेबलावर बसलो तेव्हा हौसेने परदेश पाहायला जाणाऱ्याला काही वर्षांतून एकदा पाचशे डॉलर मिळत. दिलेल्या प्रत्येक डॉलरची नोंद पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आम्ही शाईने करायची, शिक्का मारायचा, सही करायची. माणूस देशाबाहेर किती दिवस राहू शकेल हे रुपयाच्या श्रीमंतीवर ठरत नव्हते, त्या पानावरच्या आकड्यावर ठरत होते. त्या पाचशेत युरोप पाहून आलेली पोरे मी पाहिली आहेत. रात्रीच्या गाडीत झोपायचे म्हणजे खोलीभाडे वाचते, पाव आणि केळी यांवर दिवस काढायचा, आणि नात्यातल्या नात्यातला कोणी म्युनिकला असेल तर त्याच्याकडे चार दिवस पोटभर जेवून घ्यायचे.

१९८६ च्या सुमाराची गोष्ट आहे. जवळच्याच एका कचेरीत हेडक्लार्क असलेले, डोंबिवलीहून येणारे एक गृहस्थ दर शनिवारी माझ्या टेबलाशी येऊन मार्क, फ्रँक आणि लिरा यांचे भाव विचारत. घेणे नाही, देणे नाही. खिशातून छोटी डायरी काढायची, आकडे लिहून घ्यायचे, आभार मानून जायचे. चौथ्या-पाचव्या खेपेला मी विचारले. मुलगा पाचशे डॉलर घेऊन युरोपात गेला होता. त्याचे कार्ड यायला दोन आठवडे लागत. कार्ड रोमचे असले तरी मुलगा तोवर दुसरीकडेच गेलेला असणार, हे त्यांना कळत होते. पण लिरा घसरला की त्यांचा चेहरा खुलायचा. ‘इटलीत असेल तर पोराला एक दिवस जास्त मिळाला’, असे म्हणायचे. दुपारच्या सुट्टीत डबा लवकर संपवून, चलनाच्या भावांतून मुलाच्या पोटात किती गेले याचा अंदाज बांधणारा तो बाप. मुलाला हे कधी कळले असेल असे वाटत नाही. मी त्यांना कधीच सांगितले नाही, पण शनिवारी ते येण्याआधी मी तिन्ही भाव एका चिठ्ठीवर काढून ठेवू लागलो होतो.

ते सगळे आता गेले. २००० मध्ये फेरा जाऊन फेमा आला. २००४ मध्ये कोणाही नागरिकाला वर्षाला पंचवीस हजार डॉलर बाहेर नेण्याची मुभा मिळाली, २०१५ पासून ती अडीच लाखांची आहे. अकराव्या मजल्यावरची मुलगी निघण्याआधी माझ्याकडे आली तेव्हा चलनाविषयी सांगण्यासारखे माझ्याजवळ फारसे नव्हते. चलनाचे कार्ड दोन ठिकाणी विभागून ठेव, विम्याचा कागद फोनमध्ये आणि कागदावर असा दोन्हीकडे ठेव, आणि बँकेतली शिल्लक एकदम खाली येऊ देऊ नकोस, कारण आपल्या पासपोर्टला पुढच्या देशाचा व्हिसा देणारा अधिकारी आधी पासबुकच पाहतो. एवढेच. तिला आठ डॉलरची गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, ‘काका, मग लोक जायचेच कसे?’ जायचे, हे खरे. आणि गेल्यावर निळ्या एअरोग्रामच्या कडांवरसुद्धा बारीक अक्षरात लिहायचे.

आता बातमी यायला दोन आठवडे लागत नाहीत, दोन सेकंद लागतात. त्याचा फायदा केवढा मोठा हे नाकारण्यात अर्थ नाही. नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकटे निघाले आणि फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाऊन एवढेच चार थांबे घेऊन १९ मे २०१० ला परत आले. एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्यानंतर अभिलाष टॉमी यांनी तीच प्रदक्षिणा एकदाही न थांबता केली. हेच टॉमी २०१८ मध्ये एका शर्यतीत पुन्हा निघाले. नौका चालवायची जुन्या पद्धतीने, आधुनिक साधनांवाचून, अशी त्या शर्यतीची अट होती. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात वादळाने डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार बसला, उठताही येईना. चौथ्या दिवशी एका फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले. त्या अफाट पाण्यात ते सापडले, कारण ते कुठे आहेत हे किनाऱ्यावरच्यांना कळत होते. तेव्हा प्रवाशाचा ठावठिकाणा कोणाला तरी ठाऊक असलाच पाहिजे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. डोंगरात जाताना कुठल्या वाटेने जातो आणि कधी परततो हे खालच्या वाडीत सांगून जायचे, हा आपल्या सह्याद्रीतल्या ट्रेकिंगवाल्यांचाही जुना नियम आहे.

पण ठावठिकाणा वेगळा आणि हजेरी वेगळी. आमच्या इमारतीत हळूहळू हजेरी सुरू झाली.

पहिले दोन महिने सगळे कौतुकाचे होते. लाओसमधली नदी, व्हिएतनाममधला पावसाळी बाजार, फोटो यायचे आणि सोसायटीच्या ग्रुपवर अंगठ्यांची रांग लागायची. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी तर ‘आपली पोरगी आज कुठे?’ हा रोजचा विषयच करून टाकला. मग किरगिझस्तानात ती एका उंचावरच्या सरोवराकडे गेली आणि दोन दिवस तिचा फोन लागेना. जाण्यापूर्वी तिने आईला कळवले होते, तिथे रेंज नसते, शुक्रवारी खाली उतरेन. आई शांत होती. इमारत शांत नव्हती. बुधवारी रात्री नऊ वाजता सात माणसे त्यांच्या दिवाणखान्यात बसली होती. दूतावासाला मेल करा, कोणाची ओळख आहे का बघा, वर्तमानपत्रात द्या. एकाने तर तिकडच्या गुन्हेगारीची माहिती मोबाइलवर शोधून मोठ्याने वाचायला घेतली. आईने सर्वांना चहा केला. सगळे गेल्यावर, मला वाटते, ती त्या रात्री पहिल्यांदा घाबरली. शुक्रवारी दुपारी ठरल्याप्रमाणे मुलीचा निरोप आला. त्यात सरोवराविषयी चार शब्द होते. उरलेल्या मजकुरात ग्रुपवर आलेल्या एकशे बारा निरोपांना उत्तर कसे द्यावे याची चिंता होती.

दुसरा प्रसंग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. जॉर्जियात पोचल्यावर ती थकली. आजारी वगैरे नव्हती. सात महिने दर चार दिवसांनी सॅक भरायची आणि सोडायची, नवी भाषा, नवे अंथरूण. याचा कंटाळा आला म्हणून तिने तिबिलिसीतल्या एका हॉस्टेलात स्वयंपाकघराला मदत करण्याच्या बोलीवर महिनाभर मुक्काम टाकला. सकाळी भाजी चिरायची, दुपारी झोपायचे, संध्याकाळी नदीवर फिरायला जायचे. तिने हे सरळ लिहून कळवले. आणि इमारतीचा तिच्यातला रस संपला. संपला तो संपला, वर राग आला. ‘भाजी चिरायला जॉर्जियाला कशाला जायला हवं होतं?’ ‘मग घरी का नाही येत?’ ‘पैसे संपले वाटतं.’ ज्यांनी एक पैसाही दिलेला नव्हता त्यांना आपली फसवणूक झाल्यासारखे वाटले. आम्हांला डोंगर हवे होते, तू मुक्काम कशी करतेस?

मला हा राग समजतो. तिसाव्या मजल्यावरून खाली येऊन सव्वा तास माजिवड्याच्या सिग्नलला अडकून राहणाऱ्या माणसाला, आपल्यातले कोणी तरी रोज नव्या वाटेने चालले आहे, हा केवढा दिलासा असतो! तिने थांबणे म्हणजे त्याचेही थांबणे. पण प्रवास म्हणजे आपल्यासाठी चालवलेली मालिका नव्हे. पूर्वी पत्राला लागणाऱ्या दोन आठवड्यांत प्रवाशाला कंटाळायला, रडायला, बेत बदलायला, मूर्खपणा करून सावरायला एकांत मिळत असे. पत्र लिहायला बसेपर्यंत त्याची गोष्ट झालेली असे. तो एकांत आता कोणी आपणहून देत नाही, मागून घ्यावा लागतो. त्या मुलीने आणि तिच्या आईने तो ठरवून घेतला आहे. दर रविवारी संध्याकाळी एक निरोप, ‘मी ठीक’ आणि गावाचे नाव. बाकी लिहावेसे वाटले तर लिहायचे. ग्रुपवर काही टाकायचे नाही. हा ठराव इमारतीला आवडला नाही, मला फार आवडला. मी दोघींच्याही बाजूने दोन-चार जणांशी वादही घातला. त्यात आजी माझ्या बाजूने होत्या, हे सांगायला हवे. त्या म्हणाल्या, ‘माझे सासरे बलुचिस्तानात लढाईवर होते, सहा महिने कार्ड नव्हतं. सासूबाई काय रोज कलेक्टरला विचारायला जात होत्या का?’

या सगळ्यात एका माणसाकडे माझे लक्ष जाते. आमचा रात्रीचा वॉचमन बिहारमधल्या एका खेड्यातला आहे. दीड दिवस रेल्वे, मग बस, मग सहा किलोमीटर चालत. अशा प्रवासाला आपण प्रवास म्हणत नाही, येणे म्हणतो. त्याची बायको रोज रात्री साडेदहाला फोन करते आणि दोन मिनिटांत ठेवते. एकदा मी विचारले, एवढ्यात काय बोलणे होते? म्हणाला, ‘जेवलो का, विचारते.’ त्याने एवढेच सांगितले आणि गेट उघडायला गेला. मुलीच्या वडिलांना तो रविवारी रात्री न चुकता विचारतो, ‘दीदी पोचल्या?’ कुठे पोचल्या, पुढे कुठे जाणार, लग्नाचे काय, हे त्याने कधी विचारलेले नाही.

वडिलांचे सांगायचे राहिले. ते शाळेत भूगोल शिकवत असत. त्यांच्याजवळ मुलीच्या मार्गाची खूण करायला जुना शालेय नकाशासंग्रह आहे, १९८४ सालचा. थायलंड, लाओस, व्हिएतनामपर्यंत अडचण आली नाही. पुढे कझाकस्तानाच्या जागी त्यात सोव्हिएत संघाचा एकच मोठा गुलाबी रंग आहे. मोबाइलवर सगळे दिसते हे त्यांना माहीत आहे. तरी त्यांनी भिंग घेऊन, पट्टी लावून, त्या गुलाबी रंगात किरगिझस्तानची सीमा पेन्सिलीने स्वतः आखली, मग जॉर्जियाची. गेल्या रविवारच्या निरोपात तिने कळवले की मुक्काम संपला, आता दक्षिणेकडे निघते. सोमवारी सकाळी मी वर गेलो तेव्हा ते टेबलाशी बसून आर्मेनिया आखत होते.